गॅस गीझर भिंतीवर चढण्याआधी

(दृश्य: पेटता बर्नर, जवळून. निळ्या ज्योतींची रांग.)

नळ सोडला की टकटक असा ठिणगीचा आवाज येतो, भप्पकन बर्नर पेटतो आणि काही सेकंदांत गरम पाणी सुरू होतं. आत घडतं ते असं. वाहत्या पाण्याच्या दाबाने एक रबरी पडदा सरकतो, तो गॅसची झडप उघडतो, सेलवर चालणारी ठिणगी पडते आणि तांब्याच्या नळ्यांमधून जाणारं पाणी ज्योतीवर तापत पुढे निघतं. साठवणूक नाही, वाट पाहणं नाही. म्हणूनच हे यंत्र इतकं आवडतं.

आता जरा त्याची ताकद बघू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं, तर साधारण साडेदहा किलोवॅट उष्णता पाण्याला द्यावी लागते. वाया जाणारी धरली तर गॅसमधून १२ किलोवॅटच्या आसपास घ्यावी लागते. स्वयंपाकाच्या शेगडीचा मोठा बर्नर अडीच-तीन किलोवॅटचा असतो. म्हणजे भिंतीवरची ती सुबक पांढरी पेटी चार मोठ्या बर्नरएवढी आग एकदम पेटवते. बाथरूममध्ये चार बर्नरची शेगडी पेटवून, दार लावून आंघोळ करायला कोणी तयार होणार नाही. गीझरची आग पत्र्याच्या आड असते, म्हणून आपल्याला ती आग वाटतच नाही.

(दृश्य: लहान बाथरूम. बंद खिडकी, वाफेने धूसर झालेली काच.)

आगीला हवा लागते. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा हवी. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच बाथरूममध्ये सगळी मिळून साडेपाच घनमीटरदेखील हवा नसते. हवेत प्राणवायू २१ टक्के. हा गीझर पूर्ण बंद खोलीत चालला, तर हिशेबाने चार-पाच मिनिटांत ते प्रमाण १८ टक्क्यांवर येतं. खोली कधीच इतकी घट्ट बंद नसते, दाराखालच्या फटीतून थोडी हवा येत राहते, हे खरं. पण वीस मिनिटांच्या आंघोळीसमोर ती फट पुरी पडत नाही.

प्राणवायू कमी पडला म्हणून ज्योत विझत नाही. ती अर्धवट जळत राहते. कार्बनच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळाले, तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एकच मिळाला, तर कार्बन मोनॉक्साइड.

(दृश्य: काळा पडदा. फक्त पाणी पडण्याचा आवाज.)

या वायूला रंग नाही, वास नाही, तो घशाला खवखवत नाही की डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं. छाती वरखाली होत असते, श्वास चालू असतो, पण मेंदूपर्यंत पोहोचणारा प्राणवायू कमी कमी होत जातो. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञांनी १८९५ मध्ये हा वायू स्वतःच्या छातीत भरून घेऊन त्याचे परिणाम नोंदवले होते. म्हणजे ही माहिती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तरीही बंद बाथरूममध्ये माणसं दगावतात, याचं वाईट वाटतं. कारण यातला जवळजवळ प्रत्येक अपघात गीझर बसवण्याच्या दिवशीच टाळता आला असता.

लोकांचा सगळा भरवसा नाकावर असतो. ‘गॅसचा वास आला तर कळेलच की.’ एलपीजीला येणारा तो उग्र वास त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो. गळती झाली तर तो सावध करतो. पण गॅस जळताना तो वासाचा पदार्थही जळून जातो. कार्बन मोनॉक्साइड ज्वलनातून निर्माण होतो, त्यामुळे त्याचा सुगावा नाकाला लागत नाही. गीझरमध्ये कसलीही गळती नसते, नळी नवी कोरी असते, रेग्युलेटर उत्तम असतो आणि तरीही घात होतो.

दुसरा भरवसा अनुभवाचा. ‘इतकी वर्षं वापरतोय, काही झालं नाही.’ उन्हाळ्यात खिडकी उघडी असते, पाणी मुळातच फार थंड नसतं, आंघोळ लवकर आटोपते. थंडीत खिडकी लावली जाते, पाणी जास्त तापवावं लागतं, गीझर जास्त वेळ चालतो. शिवाय घरातली माणसं एकामागून एक जातात. पहिल्याला काही होत नाही. दुसरा बाहेर येतो तेव्हा त्याचं डोकं जड झालेलं असतं, तो म्हणतो झोप नीट झाली नसेल. तिसरा आत जातो तेव्हा आधीच्या दोघांच्या आंघोळीचा विषारी वायू आतच कोंडलेला असतो. त्यातच वर्षभरात तांब्याच्या पात्यांमध्ये काजळी बसलेली असेल, तर ज्वलन पहिल्या मिनिटापासूनच बिघडलेलं असतं.

(दृश्य: इमारतीची बाहेरची भिंत. छज्जाखाली बसवलेला गीझर. तिथून गरम पाण्याचा पाइप आत जातो.)

म्हणून पहिला आणि सर्वांत मोठा निर्णय म्हणजे गीझर कुठे बसवायचा. धूर बाहेर नेण्याची सोय नसलेला गीझर बाथरूमच्या आत बसवूच नये. जागा मोकळ्या हवेत हवी. पाऊस थेट लागणार नाही आणि वाऱ्याच्या झोताने ज्योत विझणार नाही, एवढा आडोसा पुरे. फक्त गरम पाण्याचा पाइप आत येऊ द्या. पाइप लांबला तर गरम पाणी यायला थोडा वेळ लागेल, लागू दे.

इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. गीझर बसवला तेव्हा बाल्कनी उघडी होती. पुढे धूळ येते म्हणून तिला काचा लावल्या. त्या दिवसापासून ती मोकळी हवा राहिली नाही, खोली झाली. गीझर तिथेच राहिला. काचा लावायचा विचार असेल, तर आधी गीझरचं काय करायचं ते ठरवा.

आतच बसवणं भाग असेल, तर बंद दहनकक्षाचा गीझर घ्यावा. तो ज्वलनाला लागणारी हवा बाहेरून ओढतो आणि धूरही बाहेरच सोडतो. खोलीतल्या हवेशी त्याच्या आगीचा संबंध येत नाही. गरम हवा वर चढते, एवढ्याच तत्त्वावर धूर बाहेर टाकणारे साधे चिमणीवाले गीझरही मिळतात. पण ते बाथरूमसाठी नाहीत, हवा खेळती असलेल्या मोठ्या जागेसाठी आहेत. तिथेही त्यांचा धुराचा पाइप नीट बसवणं फार महत्त्वाचं. गीझरमधून निघाल्यावर तो आधी सरळ वर जायला हवा, वळणं कमीत कमी हवीत, सांधे पक्के हवेत. दिसायला बरं दिसतं म्हणून लगेच आडवा वळवलेला पाइप धूर ओढत नाही. आणि पाइपचं तोंड खरोखर उघड्यावर निघालं पाहिजे. इमारतीच्या मधल्या अरुंद शाफ्टमध्ये सोडलेला धूर वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडकीतून आत शिरतो. तिथे आंघोळ करणाऱ्याचा तुमच्या गीझरशी काही संबंधही नसतो.

(दृश्य: उदबत्तीचा धूर गीझरच्या वरच्या फटीशी. धूर आत ओढला जातो. मग पंखा सुरू होतो आणि धुराची रेघ खोलीकडे वळते.)

हे दृश्य नीट पाहा. चिमणीवाला गीझर पाच मिनिटं चालू आहे, दारं-खिडक्या बंद आहेत. धुराच्या फटीशी धरलेल्या उदबत्तीचा धूर वर ओढला जातोय, म्हणजे पाइप काम करतोय. आता एक्झॉस्ट फॅन लावला. धूर उलटा खोलीत आला. पंख्याने खोलीतली हवा बाहेर फेकली, पण बदली हवा यायला वाटच नाही. मग ती धुराच्या पाइपमधूनच खाली खेचली जाते, सोबत जळलेला वायूही. एक्झॉस्ट फॅन बसवला की काम झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही चाचणी एकदा समोर करून घ्यावी. पंखा हवा असेल, तर ताजी हवा आत येणारी, कधीच बंद न होणारी जाळीही हवी.

बसवण्याचं काम प्रशिक्षित गॅस तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. केवळ नळजोडणी येणं पुरेसं नाही. काम चालू असताना तुम्ही तिथे उभे राहा. गीझरच्या बाजूच्या पट्टीवर कोणता गॅस आणि किती दाब ते छापलेलं असतं. एलपीजीचा गीझर पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर तसाच चालवता येत नाही, कारण दोन्हींची नोझलं वेगळी असतात. सिलिंडर उभाच ठेवायचा. आडवा ठेवला तर वायूऐवजी द्रव गॅस नळीत शिरतो. एलपीजी हवेपेक्षा जड, दीड ते दोन पट, त्यामुळे गळाला की जमिनीलगत साचतो. तळघर, खड्डा किंवा गटाराच्या तोंडाजवळ सिलिंडर नको. नळी गॅससाठीची प्रमाणित हवी, तिच्यावरची तारीख बघा. भिंतीतून रबरी नळी नेऊ नका, तिथे धातूचा पाइप लागतो.

जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा फुगला तर तिथे गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणारा कारागीर दिसला, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. संकोच करू नका.

(दृश्य: दोन ज्योती शेजारी शेजारी. एक निळी, एक पिवळी, लवलवती.)

रोजच्या वापरात ज्योतीकडे लक्ष ठेवा. निळी आणि स्थिर असेल तर ठीक. पिवळी, लांबट, हलती ज्योत, पेटीवर काळे डाग किंवा पेटताना होणारा मोठा भडका दिसला, तर गीझर बंद करून तंत्रज्ञाला बोलवा. पण ज्योत निळी आहे, म्हणजे हवा सुरक्षित आहे, असं मात्र समजू नका. पाण्यात क्षार जास्त असतील, तर नळ्या आतून चोंदतात, म्हणून वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी सफाई करून घ्या. पाणी चाळीस अंशांच्या आसपास पुरे. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं हात मागे घेण्याआधीच.

आणि ज्यांच्या घरी आजच गीझर आत लटकलेला आहे? तो हलवेपर्यंत दार आणि खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, हवा पूर्ण पालटू द्या, मगच आत जाऊन दार लावा. दोन आंघोळींच्या मध्येही तेवढा वेळ जाऊ द्या. ही चार दिवसांची सोय झाली, कायमचा उपाय नव्हे.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या. गॅसगळतीचा अलार्म वेगळा, तो हा वायू ओळखत नाही. युरोपीय मानकाप्रमाणे बनवलेला अलार्म हवेत दशलक्ष भागांत ३०० भाग वायू झाला, की तीन मिनिटांच्या आत वाजतो. ५० भागांना मात्र तास-दीड तास घेतो, कारण त्या पातळीला धोका हळूहळू वाढतो. वाफेने तो बिघडतो, म्हणून लगतच्या खोलीत, निर्मात्याने सांगितलेल्या जागी बसवा. त्यातला सेन्सर काही वर्षांनी संपतो, मागची तारीख बघून बदला. आणि अलार्म आहे म्हणून गीझर आत ठेवायची मुभा मिळत नाही.

(दृश्य: बाथरूमचं दार बाहेरून. बाहेरून उघडता येणारी कडी.)

आतून पाण्याचा आवाज येतोय, हाकेला उत्तर नाही. अशा वेळी दाराची कडी बाहेरूनही उघडता येणारी असेल, तर तेच वाचवतं. डोकेदुखी, भोवळ, मळमळ यांच्या पाठोपाठ हातापायांतली शक्ती जाते. आतल्या माणसाला काहीतरी बिनसल्याचं कळेपर्यंत कडीपर्यंत हात पोहोचवणंही जमेनासं होतं. दार उघडा, गॅस बंद करा, श्वास रोखून त्याला ओढत मोकळ्या हवेत आणा. आत थांबून शुद्धीवर आणायचा प्रयत्न करू नका, दुसराही तिथेच कोसळतो. श्वास थांबला असेल, तर बाहेर आणून छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि रुग्णवाहिका बोलवायला दुसऱ्याला सांगा.

दवाखान्यात पहिलं वाक्य हे सांगा: ‘बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता.’ अशा रुग्णाला कधी कधी झटके येतात आणि ते फिटचं दुखणं समजून उपचार सुरू होतात. डॉक्टरांमध्ये याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावच पडलेलं आहे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा चांगला दिसला, तरी त्यावर विसंबू नका. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन यांत ते साधं यंत्र फरक करू शकत नाही. रक्ताची तपासणीच हवी. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी परतू नका. स्मरणशक्ती, चालण्यातला तोल, स्वभाव यांतले बदल काही आठवड्यांनीही दिसू शकतात, तेव्हा पुन्हा दाखवायला जा. त्याच घरातल्या ज्यांचं त्या सकाळी डोकं दुखत होतं, त्यांनाही सोबत न्या. तंत्रज्ञाने जागा आणि धुराची वाट तपासल्याखेरीज तो गीझर पुन्हा पेटवू नका.