स्टारडस्ट कुणावर खर्च करावा?

नमस्कार मंडळी. पोकेमॉन गो या मोबाइल गेममध्ये पोकेमॉनची लेव्हल वाढवायला, म्हणजे पॉवर-अप करायला, कँडी आणि स्टारडस्ट लागतात. खेळणाऱ्याला कँडी कुठून ना कुठून मिळत राहते. बडीसोबत (सोबती म्हणून निवडलेल्या पोकेमॉनबरोबर) चालून मिळते, रेअर कँडी मिळते. स्टारडस्टचं तसं नाही. तुमचे सगळे पोकेमॉन त्या एकाच घड्यातलं पाणी पितात. म्हणून आज बोलायचं ते स्टारडस्टबद्दल.

आधी हिशेब मांडू. रेडमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून तगड्या पोकेमॉनशी केलेल्या लढाईत, पकडलेला पोकेमॉन लेव्हल 20 चा असतो, हवामान अनुकूल असेल तर 25 चा. त्याला 20 वरून 30 वर न्यायला 75,000 स्टारडस्ट लागतो. 30 वरून 40 वर न्यायला 1,50,000 आणि 40 वरून 50 वर न्यायला 2,50,000, शिवाय एक्सएल कँडी (वरच्या लेव्हलसाठीची खास कँडी) वेगळी. आता बदल्यात काय मिळतं ते बघा. पहिल्या टप्प्यात अटॅक, डिफेन्स आणि एचपी (मार सोसण्याची ताकद) प्रत्येकी साधारण 22 टक्क्यांनी वाढतात. दुसऱ्यात 8 टक्के, तिसऱ्यात जेमतेम 6. उत्क्रांत न झालेला साधा पोकेमॉन पकडला की 100 स्टारडस्ट मिळतो. म्हणजे त्या 8 टक्क्यांसाठी असे दीड हजार पोकेमॉन पकडायचे! रेडसाठी एकच पोकेमॉन 40 ला नेण्यापेक्षा दोन पोकेमॉन 30 ला नेलेले केव्हाही बरे, कारण रेडमध्ये सहाजणांची टीम लागते, एक पहिलवान पुरत नाही.

मग कोणते निवडायचे? इथे बहुतेकजण सीपी (पोकेमॉनच्या एकूण ताकदीचा आकडा) आणि आयव्ही (अटॅक, डिफेन्स, एचपीचे 0 ते 15 पर्यंतचे जन्मजात गुण) बघतात, आणि इथेच फसतात. स्लेकिंगचा सीपी चार हजारांच्या वर जातो, पण त्याचा फास्ट मूव्ह (पुन्हा पुन्हा मारायचा झटपट वार) आहे यॉन, आणि त्यातून नुकसान होतं शून्य. समोरचा मार देतो, हा जांभई देतो.

नुकसान कशाने वाढतं, तेही आकड्यांत बघू. समोरच्याची कमजोरी नेमकी साधली तर 1.6 पट. दोन्ही टाइप कमजोर असतील तर 2.56 पट. मूव्हचा टाइप पोकेमॉनच्या स्वतःच्या टाइपशी जुळला तर 1.2 पट. हवामानाची साथ असेल तर पुन्हा 1.2. आणि अटॅकचा आयव्ही 0 ऐवजी 15 असेल तर? म्यूटूचा मूळ अटॅक 300 आहे, तो 315 होतो. पाच टक्के. टायरॅनिटार रॉक आणि डार्क असल्यामुळे फायटिंगपुढे दुहेरी कमजोर आहे. तिथे लेव्हल 30 चा, दोन स्टारचा (आयव्हीच्या बेरजेवरून खेळ स्टार देतो) मॅचँप फायटिंग मूव्हनिशी उभा करा. 40 पर्यंत नेलेला शंभर टक्के (तिन्ही आयव्ही 15 असलेला) ड्रॅगनाइट त्याच्या आसपासही येत नाही.

शॅडो पोकेमॉनबद्दल, म्हणजे टीम रॉकेट या खेळातल्या खलनायकांकडून सोडवलेल्या पोकेमॉनबद्दल, थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान लोक इथे करून घेतात. शॅडोला अटॅक 20 टक्के जास्त मिळतो, डिफेन्स मात्र घटतो. शॅडो म्यूटूचा अटॅक आयव्ही 0 असला तरी 300 चे 360 होतात. शंभर टक्के साध्या म्यूटूचे 315 च. तरीही आयव्ही कमी दिसला की लोक तो प्युरिफाय करतात, म्हणजे शॅडोपण काढून साधा करतात. प्युरिफाय केल्यावर प्रत्येक आयव्ही 2 ने वाढतो, पण तो 20 टक्के अटॅक कायमचा जातो. कृपा करून रेडच्या कामाचा शॅडो प्युरिफाय करू नका. पॉवर-अपचा खर्च 20 टक्के जास्त येतो, तो सोसा. शॅडोसोबत येणारा फ्रस्ट्रेशन हा मूव्ह एरवी चार्ज्ड टीएमने (चार्ज्ड मूव्ह, म्हणजे ऊर्जा साठवून मारायचा मोठा वार, बदलणाऱ्या वस्तूने) जात नाही, तो फक्त रॉकेटच्या ठरावीक इव्हेंटमध्ये काढता येतो. तोवर त्या पोकेमॉनवर स्टारडस्ट घालायची घाई नको.

ट्रेडमधून (दोन खेळाडूंच्या अदलाबदलीतून) कधी कधी मिळणाऱ्या लकी पोकेमॉनला पॉवर-अप निम्म्या स्टारडस्टमध्ये होतो आणि त्याचा कुठलाही आयव्ही 12 च्या खाली नसतो. ट्रेडमध्ये काय द्यायचं ते ठरवताना हे लक्षात असू द्या.

ग्रेट लीगचं, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या एका स्पर्धेचं, गणित उलटं चालतं. मर्यादा 1500 सीपीची. सीपीच्या सूत्रात अटॅक सरळ मोजला जातो, डिफेन्स आणि एचपी मात्र वर्गमुळाने. म्हणून अटॅक कमी आणि बाकी दोन्ही भरपूर असलेला पोकेमॉन त्याच 1500 मध्ये जास्त टिकतो. 0-15-15 (अटॅक, डिफेन्स, एचपीचे आयव्ही) दिसला की दोनच स्टारचा समजून प्रोफेसरकडे पाठवू नका, म्हणजे सोडून देऊ नका.

या लीगमध्ये नव्या खेळाडूने सुरुवात स्वाँपर्टपासून करावी. दुसरा चार्ज्ड मूव्ह 10,000 स्टारडस्ट आणि 25 कँडीत उघडतो. लेजेंडरीला (म्यूटूसारख्या दुर्मीळ पोकेमॉनला) तेच 1,00,000 आणि 100 कँडी लागतात. मात्र हायड्रो कॅनन हा मूव्ह हवाच. तो देणारा इव्हेंट असेल तेव्हाच मार्शटॉम्प (स्वाँपर्टचं आधीचं रूप) उत्क्रांत करा, नाहीतर हवा तो मूव्ह देणारा दुर्मीळ एलिट चार्ज्ड टीएम खर्ची पडेल. आणि उत्क्रांतीनंतरचा सीपी आधी तपासा. 1501 झाला तर तो खाली आणायचा कुठलाही मार्ग खेळात नाही.