सोमवारी काम नसलेली माणसं

(पडद्यावर: फुटबॉल स्टेडियमचं छप्पर. वरून दिसणारा मैदानाचा तुकडा.)

फुटबॉलचा सामना चालू आहे. तिकिटाला पैसे नाहीत, पण एक दोस्त इथं सुरक्षारक्षक आहे. त्यानं सगळ्यांना गुपचूप वर चढवून दिलंय. अडचण एकच, इथून अर्धंच मैदान दिसतं. उरलेलं छपराआड. गोल तिकडे झाला तर तो खालच्या आरोळीवरून ओळखायचा. तरी मंडळी शेरे मारतायत, शिव्या घालतायत, पहिल्या रांगेचं तिकीट काढल्यासारखी.

हा प्रसंग आहे 2002 सालच्या 'लॉस लुनेस अल सोल' या स्पॅनिश चित्रपटातला. 'उन्हातले सोमवार'. दिग्दर्शक फर्नांदो लेऑन दे अरानोआ. पटकथा त्याची आणि इग्नासियो देल मोराल याची. जहाजबांधणीच्या गोदीतलं काम गेलेल्या काही कामगारांची ही कथा. ती पाहताना हसू येतं आणि पुढच्याच क्षणी आपण कशाला हसलो ते कळून ओशाळायला होतं.

(पडद्यावर: विगोची खाडी, पलीकडच्या तीराकडे जाणारी फेरीबोट.)

चित्रपट घडतो गालिसियात, स्पेनच्या वायव्य टोकाला. विगो हे अटलांटिकच्या खाडीवरचं शहर. मासेमारी, मासळी डबाबंद करणारे कारखाने आणि जहाजबांधणी, यावर ते वाढलं. पलीकडच्या तीरावर कांगास आणि मोआन्या. तिथली माणसं कामाला विगोत यायची ती बोटीनं. चित्रपटातले पुरुषही बोटीत बसतात, फक्त काम करायला नाही, काम शोधायला.

ही वेळ का आली, हे चित्रपट सांगत बसत नाही. आपण थोडक्यात सांगू. 1970च्या दशकात तेल महागलं, जहाजांची मागणी आटली. उरलेली कामं जपान आणि दक्षिण कोरियाकडे वळू लागली. 1980च्या दशकात फेलिपे गोन्सालेसच्या समाजवादी सरकारनं पोलाद, खाणी, गोद्या, सगळीकडे कात्री चालवली. 1986 साली स्पेन युरोपीय समुदायात शिरला. उत्तर किनाऱ्यावर या सगळ्याला एक सभ्य नाव होतं, औद्योगिक पुनर्रचना. रस्त्यावर मात्र जळते टायर आणि रबरी गोळ्या होत्या.

(पडद्यावर: कोर्टाबाहेरचा जिना. मग रात्रीचा रस्ता, दिव्याचा खांब.)

आता सांताकडे येऊ, या बेकार कामगारांमधल्या मुख्य पात्राकडे. हाविएर बार्देमनं साकारलेला सांता म्हणजे दाढी, सुटलेलं पोट, आळसावलेली चाल आणि कुणापुढेही न वाकणारी मान. नुकतंच ऑस्करचं नामांकन मिळालेला हा नट इथं इतका लोळतो, की त्याला अभिनय करताना पकडताच येत नाही. आंदोलनात सांतानं रस्त्यावरचा एक दिवा फोडला होता. खटला चालू आहे. दंड 8,000 पेसेता, म्हणजे नंतरच्या चलनात जेमतेम 48 युरो. भर आणि मोकळा हो, असं वकील परोपरीनं सांगतो. सांताला प्रश्न पैशांचा नाहीच. शेवटी भरतो. आणि मग पुन्हा त्याच दिव्यापाशी जाऊन तो फोडतो. आता हिशेब बरोबर झाला.

दुसरा प्रसंग याच्याहून मोलाचा. रिको हा त्यांच्यातलाच एक, पैसे घेऊन गोदीतून बाहेर पडला आणि त्यानं बार टाकला. त्याची पोरगी श्रीमंतांच्या घरी मूल सांभाळायला जाते. एका रात्री तिच्याऐवजी सांता जातो. मूल झोपत नाही, म्हणून त्याला गोष्ट वाचून दाखवायची. गोष्ट मुंगी आणि नाकतोड्याची, आपणही लहानपणी ऐकलेली. सांता दोन पानं वाचतो आणि भडकतो. मुंगी साठेबाज आहे म्हणतो. एक मुंगी म्हणून का जन्मतो आणि दुसरा नाकतोडा म्हणून का, हे या पुस्तकात का नाही, असं त्या झोपाळू पोराला विचारतो. राजकारणावरची भाषणं सिनेमात पुष्कळ ऐकली आहेत, पण पायजम्यातल्या एवढ्याशा श्रोत्यापुढे केलेलं हे भाषण मला त्या सगळ्यांवर भारी वाटतं.

लिनो हा टोळीतला आणखी एक बेकार, त्याची गोष्ट छोटी. वय झालंय, जाहिरातीत तरुण हवेत. तो पोराचा स्वेटर चढवतो, केस काळे करतो आणि मुलाखतीच्या रांगेत बसतो. घाम येतो, कलप ओघळतो. बस्स, एवढंच.

(पडद्यावर: कारखान्याचा पट्टा, हातमोजे घातलेले हात, पहाटेचा बसथांबा.)

आणि आना. चित्रपटावर लिहिणारे बहुतेक जण बार्देमपाशी थांबतात, म्हणून तिच्याकडे मुद्दाम वळायला हवं. आना होसेची बायको, आणि होसे म्हणजे सांताचा आणखी एक बेकार दोस्त. काम करते ट्यूना मासा डबाबंद करणाऱ्या कारखान्यात, रात्रपाळीला, तासन् तास उभी. पाय सुजतात. अंगाला मासळीचा वास चिकटलेला, तो जावा म्हणून ती फवारे मारत राहते. कामगारांच्या या चित्रपटात यंत्रापाशी उभी राहून राबताना दिसते ती हीच. पुरुष बारमध्ये बसून गोदीबद्दल बोलतात तेव्हा ही बाई कामावरून परतत असते किंवा कामावर निघालेली असते.

दोघं बँकेत कर्ज मागायला जातात. पगार आनाचा, म्हणून कागदोपत्री महत्त्व तिला. समोरचा माणूस रीतसर प्रश्न विचारत जातो आणि होसेचा चेहरा उतरत जातो. होसे साकारणाऱ्या लुईस तोसारनं हा राग फार सावधपणे दाखवलाय. होसेला बायकोचा अभिमान वाटत नाही, लाजही वाटत नाही. त्याला स्वतःची जागा सापडत नाही, आणि त्याचा चटका बसतो तो आनाला. ती निघून जायच्या तयारीला लागते. लेऑन दे अरानोआ तिला दोष देत नाही, हे त्याचं मोठेपण. मात्र पुरुषांना जितकी पडद्यावरची वेळ दिली तितकी तिला दिली असती, तर चित्रपट आणखी खोल गेला असता, असं मात्र वाटतंच.

(पडद्यावर: रिकाम्या बारमधलं शेवटचं टेबल.)

बारमध्येच खरं भांडण पेटतं. गोदी वाचवायची म्हणून सगळे एकत्र लढत होते. मग व्यवस्थापनानं काही जणांपुढे पैसे ठेवले, आणि त्यांनी हिशेब घेतला. सांताच्या मते त्या सह्यांनी फक्त स्वतःच्या नाही, पोरांच्याही नोकऱ्या विकल्या. ज्यांनी सह्या केल्या त्यांचं म्हणणं असं, की गोदी तशीही बंद होणारच होती, मग हातात काहीतरी का नको? दोघांनाही खोटं ठरवणं अवघड आहे. त्याच टेबलावर म्हातारा अमादोर पीत बसलेला असतो. तो जुळ्यांचं उदाहरण देतो, एकमेकांना चिकटून जन्मलेल्या. एक पडला की दुसराही पडणार. बायको बाहेरगावी गेलीय, येईलच, असं तो सांगत राहतो. एका रात्री सांता त्याला घरी पोचवायला जातो, आणि त्या घराची अवस्था पाहून कळतं की कुणी येणार नाहीये. एवढे जिवलग दोस्त, पण आतापर्यंत कुणी त्याच्या दारापलीकडे गेलंच नव्हतं. काही दिवसांनी अमादोर मरतो.

मानसन्मान पुष्कळ झाले. सान सेबास्तियनच्या महोत्सवात सुवर्ण शिंपला हा तिथला सर्वोच्च पुरस्कार, मग पाच गोया, म्हणजे स्पेनचे मानाचे चित्रपट पुरस्कार, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा. त्या वर्षी ऑस्करसाठी स्पेननं नामवंत दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोव्हारच्या चित्रपटाला डावलून हा चित्रपट पाठवला. याला नामांकन मिळालं नाही, आणि आल्मोदोव्हार मात्र पटकथेचं ऑस्कर घेऊन गेला. मद्रिदमध्ये यावर बरीच कुजबूज झाली.

(पडद्यावर: हिखोन शहर, गोदीचं फाटक, आंदोलनाची जुनी दृश्यं.)

चित्रपटाच्या सुरुवातीला पोलिस आणि कामगारांच्या ज्या चकमकी दिसतात, त्या खऱ्या आहेत. त्या विगोच्या नव्हेत, उत्तर स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातल्या हिखोनच्या, 'नावाल हिखोन' या गोदीच्या. तिथले कामगार चित्रपट गाजल्यावरही लढतच होते. 2005 सालच्या एका आंदोलनात रस्त्यावरचा वाहतूक कॅमेरा फुटला. त्यासाठी गोदीतल्या दोन युनियन नेत्यांना दोषी ठरवलं गेलं, आणि 2007 साली ते खरोखरच तुरुंगात गेले. त्यांच्या सुटकेसाठी शहरात मोर्चे निघाले. नंतर ते बाहेर आले आणि परत गोदीच्या लढ्यात उतरले. गोदी 2009 साली बंद झाली.