सत्तेचाळीस गावांची नोंद

[पडद्यावर: स्प्रिंगचा वजनकाटा, खाली टांगलेली कापडी झोळी.]

झोळीत बाळ हलतं, तसा काटाही हलतो. आशाताई घाई करत नाही. काटा ठरला की आकडा बघते, कार्डावर लिहिते, मग थर्मामीटर काढते. बाळाची आजी दारात उभी राहून सगळं बघत असते.

अशा भेटी आज देशभर होतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा. तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक.

या भेटींनी बाळं वाचतात, असं सरकार म्हणतं. पण बाळ वाचलं ते भेटीमुळेच, हे ठरवलं कोणी? आणि कसं?

[पडद्यावर: रस्ता, दोन्ही बाजूंना धानाची शेतं, मागे जंगल.]

नागपूरहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलं होतं. १९८६ मध्ये त्यांनी इथे 'सर्च' ही संस्था सुरू केली.

एमबीबीएसच्या अभ्यासात पीएसएम नावाचा विषय असतो, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक. बहुतेक विद्यार्थी तो परीक्षेच्या आदल्या रात्री उरकतात. सर्जरीचा रुबाब त्याला नाही. नमुना कसा निवडायचा, तुलनेचा गट कशाला लागतो, दर कसा काढायचा, हे सगळं त्याच विषयात असतं. गडचिरोलीची गोष्ट त्या कंटाळवाण्या विषयाची आहे.

सुरुवात न्यूमोनियापासून झाली. ५८ गावांत लहान मुलांचा न्यूमोनिया गावातच ओळखून औषध द्यायचं आणि शेजारच्या ४४ गावांशी ताडून बघायचं, असं ठरलं. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती हे मोजावं लागतं. पण गावातल्या अनेक दाया दहा-बाराच्या पुढे मोजत नव्हत्या. त्यांना शंभरपर्यंत शिकवत बसायचं, की दुसरं काही करायचं?

[पडद्यावर: लाकडी पाटीवरचे मणी, शेजारी वाळूचं घड्याळ.]

दुसरं केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर पोहोचलात, तर न्यूमोनिया. आकडा येण्याची गरजच नाही. या सगळ्या कामातली मला सर्वांत हुशार वाटलेली वस्तू हीच.

१९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५ होते, उपचाराच्या गावांत ८.१.

पण मोठी मुलं वाचू लागली तसं दुसरं चित्र दिसू लागलं. उरलेल्या मृत्यूंतले बहुतेक पहिल्या महिन्यातले होते, आणि तो महिना बंद खोलीत जायचा. बाळंतीण आणि बाळ आत, बाहेरच्या माणसाला मज्जाव. डॉक्टर तर फारच लांब. १९९५-९६ मध्ये गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी घरोघरी जाऊन ७६३ नवजात बाळं पहिल्या दिवसापासून पाहिली. निम्म्याहून जास्त बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली १०० पैकी तिघांनासुद्धा नाही. नेमका आकडा २.६ टक्के.

[पडद्यावर: दोन गावं, मधे नाला. कॅमेरा एका काठावरून दुसऱ्या काठाकडे.]

आता मोजणीची गोष्ट. इथे थोडं थांबू, कारण सगळी मदार हिच्यावर आहे.

बाळ जन्मलं आणि दोन दिवसांत गेलं, तर बहुतेकदा त्याची नोंद कुठेच होत नाही. नाव ठेवलेलं नसतं, बारसं झालेलं नसतं. घरचेही बोलत नाहीत. म्हणजे कामचुकार यंत्रणेच्या कागदावर मृत्यू कमी दिसतात, आणि जो नीट शोधतो त्याच्या वहीत वाढतात! काम सुरू केल्यावर पहिल्या वर्षी मृत्युदर चढलेला दिसला, तर तो कार्यक्रमाचा दोष म्हणायचा की नोंदीचा गुण?

म्हणून इलाज सुरू करण्याआधी दोन वर्षं, १९९३ ते १९९५, नुसती मोजणी झाली. एका बाजूला ३९ गावं, लोकसंख्या सुमारे ३९ हजार. दुसऱ्या बाजूला ४७ गावं, लोकसंख्या साडेबेचाळीस हजारांच्या आसपास. जन्म आणि मृत्यू दोन्हीकडे सारख्याच पद्धतीने टिपायचे. वर दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून सुटलेलं गाठायचं. हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यातले मृत्यू निघाले ६२ आणि ५८. शर्यत सुरू होण्याआधी दोघे जवळपास एकाच रेषेवर होते.

मग ३९ गावांत आरोग्यदूत बायका घरी जाऊ लागल्या. बाळ उबेत ठेवायचं, गारठू नये म्हणून पिशवीत गुंडाळायचं, वजन करायचं, अंगावर पाजण्याची अडचण सोडवायची. जन्मल्यावर श्वास घेत नसेल तर तोंडातून हवा द्यायची. आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली, तर आईबापांच्या संमतीने जेंटामायसिन या जंतुनाशक औषधाचं इंजेक्शन. थोडं शिकलेल्या खेडवळ बाईच्या हाती सुई! अनेक डॉक्टरांच्या पोटात गोळा आला. पण ज्या गावांत डॉक्टर पोहोचतच नव्हते, तिथे सुई कोणाच्या हाती असायला हवी होती, याचं उत्तर त्यांच्यापाशीही नव्हतं.

[पडद्यावर: शाळेच्या भिंतीवरचा फळा. खडूने दोन स्तंभ.]

तिसरं वर्ष, १९९७-९८. या गावांत ६२ वरून २५.५. त्या गावांत ५८ वरून ६०.

हा ६० चा आकडा कोणाच्या फारसा लक्षात राहत नाही. तिथे कोणी काही वेगळं केलं नव्हतं. सरकारी दवाखाना, लसी, रस्ते, पाऊसपाणी, भाताचा भाव, सगळं दोन्हीकडे सारखंच. म्हणून तर '६२ वरून २५.५' या घसरणीला अर्थ आला. त्या ४७ गावांनी या प्रयोगाला जे दिलं त्याचा सत्कार कुठे झाल्याचं ऐकिवात नाही.

मात्र गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. संस्थेची माणसं जिथे वावरत होती तिथेच इलाज झाला, हा आक्षेप रास्त आहे. दुसरा प्रश्न जास्त टोचणारा आहे: उपाय हाती असताना शेजारच्या गावांत नुसतं मोजत राहावं का? समर्थनात म्हणता येतं की उपाय लागू पडतो हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. पुराव्याच्या दृष्टीने ते पटतं. पण नाल्यापलीकडच्या घरासमोर उभं राहून तेच वाक्य उच्चारायला माझी जीभ रेटत नाही.

[पडद्यावर: नकाशा. शिवगड, सिल्हेट, घाना.]

डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने निकाल छापला. पण एका ठिकाणी जमलं म्हणजे सगळीकडे जमेल असं नाही. उत्तर प्रदेशातल्या शिवगडमध्ये वेगळ्या धाटणीचा प्रयोग झाला. सुई नाही, भर सवयी बदलण्यावर. तिथे गावांचे गट चिठ्ठ्या टाकूनच निवडले होते, आणि मृत्यू ५४ टक्क्यांनी घटले. बांगलादेशात सिल्हेटला घरभेटींच्या गटात शेवटच्या सहा महिन्यांत ३४ टक्के घट झाली. आणि घानामध्ये, सरकारी यंत्रणेतूनच स्वयंसेवकांमार्फत केलेल्या कामात फक्त ८ टक्के. तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो.

म्हणजे 'घरभेट' या नावात जादू नाही. कोण जातं, कधी जातं, पिशवीत काय घेऊन जातं, आणि तिच्यावर देखरेख कोण करतं, यावर सगळं ठरतं.

२०११ मध्ये भारत सरकारने हे काम आशांकडे सोपवलं. भेटींचे दिवस आले, वजनकाटा आला, कार्ड आलं. सुई मात्र आशांच्या हाती दिली नाही. लक्षण दिसलं की दवाखान्यात पाठवायचं. गडचिरोलीत जे मोजलं होतं ते सुईसकट. सुईविना उरलेल्या कामाचा परिणाम किती, हा आकडा गडचिरोलीच्या वहीतून निघत नाही.

मृत्यू घटले, हे खरंच. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्रात हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यातले मृत्यू ११ वर आले होते. पण त्याच काळात बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, रुग्णवाहिका आल्या, गावोगाव मोबाइल आले, शिकलेल्या आया वाढल्या. यातला आशाताईच्या भेटींचा वाटा किती? सांगायचं तर आशा न आलेली ४७ गावं लागतील, आणि आता ती शोधायची कुठे?

[पडद्यावर: पुन्हा पहिलं घर. आशाताई कार्ड भरते आहे.]

या सगळ्या भेटींचे आशाताईला एका बाळामागे अडीचशे रुपये मिळतात. मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याच्या अटी दिल्या आहेत. वजन कार्डावर नोंदलेलं हवं. लसी टोचलेल्या हव्यात. जन्माची नोंद झालेली हवी. आणि चौथी अट: बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवीत.

पाच भेटी देऊन बाळ तिसाव्या दिवशी गेलं, तर?

आशाताई पेनाचं टोपण लावते. कार्ड आजीच्या हातात देते आणि म्हणते, "मंगळवारी येते."