नरक्याची साल आणि पाच वलयं

(दृश्य: जांबोटी ते कणकुंबी रस्ता. पाऊस, धुकं.)

बेळगावहून निघून जांबोटी मागं टाकली की रान दाट होत जातं. पुढं कणकुंबी, मलप्रभेचा उगम. त्याच्या पुढं चोर्ला घाट आणि खाली गोवा. भर पावसाळ्यात इथं गाडीची काच खाली केली, तर मध्येच कुजका वास नाकात शिरतो. काहीतरी मेलंय म्हणून माणूस इकडंतिकडं बघतो. रस्त्यालगतच्या गावातल्या कुणाला विचारलं तर उत्तर तयार असतं: "नरक्या हो. वास आला की कळतंय की, फुललंय म्हणून."

(दृश्य: झाड जवळून.)

झाड लहानखुरं. पानं फांदीच्या टोकाला गुच्छानं, फुलं बारीक, पिवळट पांढरी. कोवळ्या फांदीवरून बोट फिरवलं तर गळून गेलेल्या पानांच्या खुणा लागतात. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना. फुलांसाठी कुणी लावावं असं हे झाड नव्हे. पण सह्याद्रीच्या या पट्ट्यात सालीच्या गोण्या पकडल्याची बातमी आली की त्यात बहुतेक वेळा नाव नरक्याचंच असतं.

कारण सालीत आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन नावाचा अल्कलॉइड आहे, म्हणजे झाडानं बनवलेला एक नत्रयुक्त पदार्थ. कर्करोगावरची औषधं त्याच्यापासून निघाली.

(दृश्य: प्रयोगशाळा. बाटल्या, पट्टी, दिवा.)

साल वाळवायची, कुटायची, मिथेनॉलमध्ये भिजवायची. गाळून आलेल्या अर्काचा एक थेंब सिलिकाचा थर दिलेल्या पट्टीवर ठेवायचा आणि पट्टीचं टोक द्रावकात बुडवायचं. द्रावक वर चढतो, अर्कातले घटक आपापल्या उंचीवर थांबतात. साध्या उजेडात विशेष काही दिसत नाही. अतिनील दिव्याखाली धरली की एक ठिपका झगझगीत निळा पेटतो. तो कॅम्प्टोथेसिन. सालीत त्याचं प्रमाण शेकडा एक टक्कासुद्धा नाही. तेवढ्यासाठी झाडं मुळासकट उपटली गेली. खोड तोडलं तर बुंध्याला धुमारे फुटतात, मूळ खणलं की झाड संपलं.

हा रेणू पहिल्यांदा हाती लागला तो मात्र चीनमधल्या एका झाडातून, अमेरिकेत, 1966 साली. काम मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांचं. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, जन्म 1925. पद्धत चिकाटीची: अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग रक्ताच्या कर्करोगाच्या उंदरांवर तपासायचा, ज्याचा गुण येईल त्याचेच पुन्हा भाग पाडायचे, शेवटी एकच शुद्ध पदार्थ उरेपर्यंत. याच जोडीनं पुढं टॅक्सॉल हे कर्करोगावरचं दुसरं औषधही वेगळं केलं. कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यातही आहे, आणि भरपूर आहे, हे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी 1972 मध्ये दाखवलं.

"झाडात कॅन्सरचं औषध सापडलं," असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे वाक्य अर्धवट वाटतं. सापडला होता एक रेणू, आणि तो औषध म्हणून जवळजवळ नापासच झाला होता.

(दृश्य: रेणूची आकृती. पाच वलयं, शेवटच्यावर खूण.)

हा रेणू म्हणजे एकाला एक जोडलेली पाच वलयं, जवळजवळ सपाट. पाण्यात विरघळायला नाखूष. मग इंजेक्शन द्यायचं कसं? संशोधकांनी शेवटचं वलय उघडून त्याचं सोडियमचं क्षार केलं. क्षार पाण्यात छान विरघळलं, माणसांवर चाचण्या सुरू झाल्या, आणि घात झाला. गुण यथातथाच, अपाय मात्र भयंकर. रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं. शरीरात काय घडत होतं ते पुढं उमगलं: रेणूचं काम ते शेवटचं वलय मिटलेलं असतानाच होतं. रक्तात ते उघडं राहायचं आणि आम्लधर्मी लघवीत पुन्हा मिटायचं. म्हणजे औषध जागं व्हायचं ते नको त्या ठिकाणी. चाचण्या थांबल्या.

त्यानंतर दहा-बारा वर्षं या रेणूकडे फारसं कुणी फिरकलं नाही. 1985 मध्ये त्याचं लक्ष्य कळलं, टोपोआयसोमरेज-1 नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते, तेव्हा पुढच्या भागात पीळ साचतो, राहाटाच्या दोराला बसतो तसा. हे विकर एक धागा कापतं, पीळ सोडवतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापात जाऊन बसतं आणि जोडणी अडवतं. नक्कल करणारी यंत्रणा तिथं येऊन आदळली की दोन्ही धागे तुटतात, पेशी मरते. भराभर वाढणाऱ्या पेशींना हा फटका जास्त. केस, आतडी, रक्त तयार करणाऱ्या पेशी यांनाही तो चुकत नाही.

मग रसायनशास्त्रज्ञांनी शेवटच्या वलयाला हात न लावता पलीकडच्या टोकाला बदल केले. तिथं पाण्यात विरघळायला मदत करणारा गट जोडून टोपोटेकन हे औषध झालं. दुसरं औषध इरिनोटेकन, ते जपानचं. ते शरीरात गेल्यावर तुटतं आणि त्यातून खरा मारक रेणू बाहेर पडतो. त्याचे जुलाब रुग्णाला बेजार करतात, म्हणून डोस जपून द्यावा लागतो. अमेरिकेत दोन्हींना परवानगी मिळाली 1996 साली. रेणू सापडल्यापासून तीस वर्षांनी.

सालीचा काढा करून प्यायला तर? हा प्रश्न हमखास येतो. काढ्यात डोस किती ते कुणालाच ठाऊक नसतं आणि आतडी तेवढी सोलवटून निघण्याची भीती. करू नये.

(दृश्य: बेळगाव शहर. सूक्ष्मदर्शक.)

पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे, रानापासून फार लांब नाही. झाड न तोडता रेणू मिळवायचे प्रयत्न देशात बऱ्याच ठिकाणी झाले. 2005 मध्ये जम्मूच्या शास्त्रज्ञांनी नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी केली, तीही कॅम्प्टोथेसिन बनवते. अडचण अशी की झाडाबाहेर वाढवलेल्या अशा बुरशा पिढ्यांमागून पिढ्या हे काम विसरत जातात. रोपं लावणं, खोड राखून तोड करणं हे संथ उपाय मला त्यापेक्षा भरवशाचे वाटतात.

रेणूत बदल करणं मात्र थांबलेलं नाही. 2019 मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन मंजूर झालं, स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारासाठी. त्यात अँटिबॉडी गाठीतल्या पेशी हुडकते आणि तिला बांधलेला रेणू आत जाऊन मारतो. तो रेणू याच पाच वलयांच्या कुळातला.