तेयार द शार्दँ आणि पृथ्वीभोवतीचे विचारांचे आवरण

नमस्कार. आज आपण पिएर तेयार द शार्दँ यांच्या मांडणीविषयी बोलणार आहोत. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेले तेयार जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू होते आणि जीवाश्मांचे नावाजलेले अभ्यासकही होते. चीनमधील ज्या चोकोत्यान येथे १९२९ मध्ये पेकिंग मानवाची, म्हणजे एका आदिमानवाची, कवटी सापडली, तेथील संशोधनात त्यांचा सहभाग होता. १९३५ मध्ये ते नर्मदेच्या खोऱ्यातही येऊन गेले.

त्यांच्या मते, पदार्थाची रचना जसजशी गुंतागुंतीची होत जाते, तसतशी त्यातील जाणीवही वाढत जाते. माणसापाशी पोहोचल्यावर ही जाणीव स्वतःकडे वळते. प्राण्याला कळते, पण आपल्याला कळते आहे, हे माणसालाच कळते. येथून पुढे त्यांचा युक्तिवाद खरोखर वेगळा होतो. इतर प्राण्यांच्या शाखा पसरल्या की त्यांच्यापासून निराळ्या जाती बनतात. माणूस मात्र साऱ्या पृथ्वीवर पसरूनही एकच जात राहिला, आणि पृथ्वी गोल व मर्यादित असल्यामुळे पसरलेले समूह पुन्हा एकमेकांना येऊन भिडले. या दाटीतून, भाषा, विज्ञान आणि दळणवळण यांच्या आधारे, जीवावरणावर, म्हणजे पृथ्वीवरील सजीवांच्या थरावर, विचारांचे आणखी एक आवरण तयार होत आहे, असे ते म्हणतात. यालाच त्यांनी ‘नूस्फिअर’ म्हटले. (त्यांना इंटरनेटचे भविष्यवेत्ते म्हणण्याची प्रथा मला अतिशयोक्त वाटते.)

इथपर्यंतचे वर्णन पटो वा न पटो, त्याची तपासणी तरी करता येते. परंतु ही सारी वाटचाल ‘ओमेगा बिंदू’कडे, म्हणजे साऱ्या जाणिवांच्या अंतिम ऐक्याकडे आणि अखेरीस ख्रिस्ताकडे, चालली आहे, असे ते सांगतात, तेव्हा श्रद्धा बोलू लागते, कारण नैसर्गिक निवडीला कोणतेही उद्दिष्ट नसते. जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६१ मध्ये तेयार यांच्या ‘द फिनॉमिनन ऑफ मॅन’ या ग्रंथावर कठोर टीका केली. चर्चने तर तेयार यांच्या हयातीत तो प्रसिद्धच होऊ दिला नाही. १९५५ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर तो छापला गेला, आणि १९६२ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या लेखनाविषयी इशारा दिला.

तेयार यांना केवळ आशावादी ठरवणारे टीकाकार त्यांच्या ग्रंथाचा शेवट दुर्लक्षित करतात. हे ऐक्य सक्तीने येणार नाही, ते नाकारण्याचे स्वातंत्र्य माणसाला उरेल आणि अंतिम टप्प्यावर मानवजात दोन गटांत दुभंगू शकेल, ही शक्यता त्यांनी तेथे मोकळी ठेवली आहे.