तबलीवर तारपा: साध्या युकुलेलेवर वारली रंगकाम

श्रोतेहो, नमस्कार. युकुलेले म्हणजे गिटारसारखं दिसणारं छोटं चारतारी वाद्य. दीड-दोन हजार रुपयांत मिळणाऱ्या साध्या युकुलेलेवर वारली चित्रं कशी काढायची, हा आजचा विषय. कागद-पेन्सिल जवळ असू द्या, काही मापं टिपून घ्यावी लागतील.

सगळ्यांच्या मनात पहिला प्रश्न असतो तो हा, की रंगाने वाद्याचा आवाज बिघडतो का? जाड दिला तर नक्की बिघडतो. तारेचं कंपन घोडीतून, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीतून, तबलीत, म्हणजे वाद्याच्या पुढच्या पातळ फळीत उतरतं, तबली थरथरते आणि तिच्यामुळे आपल्याला सूर ऐकू येतो. तबली, घोडी, दांडी, खुंट्या हे मिरजेच्या सतार-तंबोरा करणाऱ्यांचे शब्द या परक्या वाद्यालाही नेमके बसतात, म्हणून तेच वापरतो आहे. सोप्रानो, म्हणजे सुमारे एकवीस इंची युकुलेलेची तबली साधारण दोन मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर रंगाचे आणि वॉर्निशचे पाच-सहा जाड हात चढले, की तिचं वजन वाढतं. वाळलेला रंग लाकडाइतका ताठ नसतो, त्यामुळे तो कंपन जिरवतोही. तार छेडली की सूर उमटतो, पण लगेच विझतो. म्हणून या कामाचा पहिला आणि शेवटचा नियम एकच: तबलीवर जितकं कमी चढेल तितकं बरं.

स्वस्त वाद्य या कामाला योग्य का, याचं उत्तरही इथेच आहे. त्याची तबली प्लायची असते आणि मुळातच जरा ताठ असते. पातळ रंगाने तिच्या आवाजात फारसा फरक पडत नाही. आपलं वाद्य प्लायचं आहे की सलग फळीचं, हे ओळखायला मधल्या गोल भोकाची कड उजेडात धरून पाहा. कडेला एकावर एक पापुद्रे दिसले तर प्लाय. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरलेल्या दिसल्या तर सलग लाकूड, आणि त्याला कुंचला लावू नका.

युकुलेले हवाईचं वाद्य. १८७९च्या ऑगस्टमध्ये मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर आणि कारागीर होनोलुलूला उतरले. त्यांच्याकडच्या छोट्या चारतारी वाद्यावरून तिथे युकुलेले घडलं. पुढे १९२०च्या दशकात अमेरिकेत त्याची लाट आली, तेव्हा स्वस्त युकुलेलेंवर साचे ठेवून रंगीत चित्रं उमटवलेली असत. म्हणजे साध्या युकुलेलेवर चित्र, ही रीत शंभर वर्षांची आहे.

आता वारलीच का? एक कारण अगदी व्यवहाराचं. वारली चित्र म्हणजे गेरूच्या तांबड्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. बाजारात सपेलीच्या किंवा महोगनीसारख्या लालसर तपकिरी लाकडाचं मॅट युकुलेले सहज मिळतं. त्याचा मूळ रंगच गेरूच्या जवळचा असतो. म्हणजे पार्श्वभूमीचा रंग द्यायलाच नको, थेट पांढरी रेघ काढायची. तबलीवर फक्त रेघांपुरता रंग चढतो आणि आवाज जवळजवळ होता तसा राहतो. निळं, गुलाबी, चकचकीत युकुलेले स्वस्तात दिसलं तरी यासाठी घेऊ नका. आधीच्या जाड रंगावर आणखी रंग चढवावा लागेल.

दुसरं कारण गोल भोकाचं. डहाणू, तलासरी, जव्हार भागात तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजतं तेव्हा माणसं हातात हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात, आणि चित्रात तो फेर शंखाच्या वळणासारखा उलगडत जातो. युकुलेलेचा सूरही मधल्या गोलातूनच बाहेर पडतो. त्या गोलाभोवती तारप्याचा फेर शोभतो. लग्नातला देवचौक, पालघाट देवीचा चौक, मात्र वाद्यावर काढू नये असं आमचं मत आहे. तो सुवासिनींनी लग्नघरी लिहायचा विधी आहे, शोभेची नक्षी नव्हे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, शेत, मासेमारी, नाच असं रोजचं जगणं रेखाटलं आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते रोजचं जगणं आपल्याला मोकळं आहे.

कामाला हात घालण्याआधी वाद्य तपासा, कारण रंगवलेलं वाद्य दुकानदार परत घेणार नाही. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्टीवर, दाबून वाजवा, कुठे खरखर येते का ऐका. घोडीच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकवून पाहा. तो आत शिरला तर घोडी उचकटते आहे. मग मोबाइलवर चारही मोकळ्या तारांचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवा आणि घोडीवरच्या गाठींचा जवळून फोटो घ्या. शेवटी तारा ओवताना हाच फोटो कामी येतो.

तारा चारही थोड्या-थोड्या सैल करत काढा. घोडीतली छोटी पांढरी पट्टी सुटून पडते. तिची डावी-उजवी बाजू पेन्सिलीने खूण करून डबीत ठेवा. खुंट्या असलेलं दांडीचं टोकही रंगवायचं असेल तरच खुंट्या काढा. मागचा बारीक स्क्रू आणि पुढची चकतीवाली नळी, दोन्ही हरवायला सोपी. त्यापेक्षा खुंट्यांना टेप लावून काम भागतं.

आता मास्किंग टेप. पडद्यांची पट्टी पूर्ण झाका, घोडी पूर्ण झाका, आणि टेपची कड नखाने दाबून बसवा. नाहीतर रंग खालून झिरपतो. दांडीची मागची बाजू रंगवूच नका. तिथे अंगठा सतत घासतो, रंग चिकट होतो आणि हात सरकेनासा होतो. भोकात सुती कापडाचा मोठा बोळा घट्ट बसवा.

घासायला चारशे नंबरचा पॉलिश पेपर, कोरडा. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, हलक्या हाताने, फक्त चकाकी मरेपर्यंत. तिरप्या उजेडात पाहिलं की तबली सगळीकडे सारखी धुरकट दिसली पाहिजे. मध्येच फिकट ठिपका दिसू लागला, तर तुम्ही पॉलिशच्या खाली लाकडापर्यंत पोचलात, थांबा. नंतर घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा. पाणी जास्त झालं तर भोकाच्या उघड्या कडेतून प्लायमध्ये शिरतं, पापुद्रे फुगतात आणि ती कड पुन्हा बसत नाही. यानंतर तबलीला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा लागला, की त्या जागी रंग धरत नाही.

खरा गेरू आणि खरं तांदळाचं पीठ वापरावं असं मनात येईल. कुडाच्या शेणामातीच्या भिंतीत ते मुरतं, पॉलिशवर मात्र नुसती भुकटी बसते आणि हात लागताच झडते. पोस्टर कलरही नको. वरून वॉर्निशचा ओला हात फिरला की तो विरघळून पसरतो. ॲक्रिलिक पांढरा घ्या, १५ मिलिलिटरची एक बाटली पुरून उरते. कुंचले गोल, शून्य आणि एक नंबरचे. ठिपक्यांसाठी दात कोरायची काडी. आणि पाड्यावरच्या चित्रकारांसारखी, टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडीही वापरून पाहा. तिची रेघ थोडी थरथरते, आणि वारली रेघेला तोच जिवंतपणा हवा असतो. पट्टीने ओढलेली वारली रेघ मेलेली दिसते.

आराखडा आधी ट्रेसिंग पेपरवर करा. सोप्रानोचं भोक साधारण पाच सेंटिमीटर व्यासाचं. त्याच्या कडेपासून पाच मिलिमीटर सोडून फेराची पावलं टेकू द्या. काही वाद्यांत वर पडद्यांची पट्टी भोकापाशी येऊन संपते, तेवढी जागा फेराला मिळणार नाही. बाजूला कंबर अरुंद आहे. म्हणून माणसं बारा मिलिमीटर उंचीची ठेवा, अशी चौदा-पंधरा बसतात. मग फेर घोडीच्या बाजूला सोडवा, तिथे तबली रुंद आहे. शेपटीकडची माणसं मोठी होत अठरा-वीस मिलिमीटरपर्यंत जाऊ द्या. तारपेवाला भोक आणि घोडीच्या मधल्या जागेत, फेराच्या आतल्या बाजूला. नाचणाऱ्यांची पाठ त्याच्याकडे होऊ नये. नारळाची, ताडाची झाडं, बैल, खोप हे सगळं मागच्या पाठीवर घ्या. मागे आवाजाची फारशी चिंता नाही.

एक जागा मोकळी सोडा. दांडी जिथे धडाला मिळते, त्याच्या आसपास बोटांची नखं घासतात, तिथली नाजूक रेघ दोन महिन्यांत खरवडली जाते. उजव्या हाताचा पुढचा भाग टेकतो ती वरची कडही शक्यतो कोरी ठेवा.

चित्र उतरवायला कार्बन पेपर नको. त्याचा मेणचट थर रंगाला धरू देत नाही. ट्रेसिंगच्या उलट्या बाजूला पांढरा खडू घासा आणि सुलट बाजूने बोथट पेन्सिलीने गिरवा. पुसट खुणा पुरतात.

रंग दाट दुधाइतका पातळ करा. त्याहून घट्ट असेल तर रेघ मध्येच तुटते आणि कडेला उंचवटा राहतो. फार पातळ असेल तर पांढरं राखाडी दिसतं. माणूस काढताना आधी वरचा त्रिकोण, मग खालचा, टोकाला टोक भिडवून. ती टोकं जुळतात ती कंबर. ती जाड झाली की माणूस नाचेनासा होतो. मग डोक्याचा गोल, शेवटी हातपाय, एका रेघेत, कुंचला न उचलता. रेघ चुकली तर ओली असतानाच ओलसर काडीने पुसा. वाळल्यावर खरवडली तर पॉलिशही निघतं. पांढरा फिका वाटला तर एका तासाने त्याच रेघेवर दुसरा हात द्या, तिसरा नको.

चित्र पूर्ण झालं की दोन दिवस वाळू द्या. स्पर्शाला कोरडं लागलं तरी आत ओल असते. वरून वॉर्निश चढवलं की ती ओल कोंडते, आणि रेघेला भेगा पडतात किंवा वॉर्निश दुधाळ दिसतं. वॉर्निश पाण्यावरचं, सॅटिन घ्या. डबा हलवू नका, काडीने ढवळा. हलवल्याने शिरलेले बुडबुडे तबलीवर बारीक खड्डे होऊन वाळतात. रुंद मऊ ब्रशने दोन पातळ हात, मध्ये तीन तास. पहिला थर वाळल्यावर, दुसऱ्याच्या आधी, हजार नंबरच्या पेपरने अगदी हलकं घासा, रेघेवर जोर न देता. स्प्रे वापरणार असाल तर पंचवीस-तीस सेंटिमीटरवरून, उघड्यावर, तोंडाला मास्क लावून. आणि पावसाळ्यात स्प्रे टाळाच. हवेतली दमट ओल थरात अडकते आणि पांढरट धुकं बसतं. कोकणात, मुंबईत हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत निर्धास्त होतं.

टेप काढताना घाई केली की टेपबरोबर वॉर्निशचा पापुद्रा सुटून येतो. आधी टेपच्या कडेने धारदार ब्लेड हलकेच फिरवा, मग टेप स्वतःवरच दुमडत, तबलीला लगटून ओढा. तरीही कुठे कंगोरा राहिला तर हजारच्या पेपरने एकदा हलकेच घासा.

तारा लगेच चढवू नका. दहा दिवस थांबा. अर्धवट वाळलेलं वॉर्निश हाताच्या घामाने चिकट होतं आणि बाहीचे धागे त्यात रुततात. त्यानंतर फोटो पाहून तारा ओवा आणि जी, सी, ई, ए या सुरांत लावा. नायलॉनच्या तारा ताणल्या जातात, म्हणून चार-पाच दिवस सूर उतरत राहील. रोज पुन्हा लावत राहा. मग आधीचं ध्वनिमुद्रण आणि आताचा आवाज एकापाठोपाठ ऐका. सूर बसका वाटला तर घोडीच्या आजूबाजूचं वॉर्निश तपासा. तबली सगळ्यात जास्त तिथेच थरथरते, आणि ब्रश परत-परत तिथेच फिरलेला असतो. दोन हजारच्या पेपरने तिथला थर थोडा उतरवता येतो.

पुसायला कोरडं सुती कापड पुरतं. हाताला सॅनिटायझर लावलं असेल तर ते पूर्ण वाळल्याशिवाय वाद्य हातात घेऊ नका, त्यातल्या अल्कोहोलने ॲक्रिलिक मऊ पडतं. नमस्कार.