टेबलावरची पाच काडतुसं

टेबलावर पाच काडतुसं मांडली आहेत. डावीकडून रायफलचं .22, मग बारा बोअर बंदुकीचं बीबी (लहान छर्रे), शेजारी एलजी (मोठे छर्रे), नंतर पुन्हा रायफलची .315 आणि टोकाला .30-06. प्रश्न एकच: इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूरकडच्या हरभऱ्यात शिरलेल्या घोडारोजाला, म्हणजे नीलगायीला, मारायची परवानगी मिळालीच, तर यातलं कोणतं उचलायचं?

परवानगीशिवाय हा विषयच निघत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या जनावरासाठी कलम 11 खाली लेखी आदेश निघतो, तो त्याला अपवाद. त्या आदेशात जनावर लिहिलेलं असतं. गोळीची निवड मात्र बंदूक धरणाऱ्यावर येते, आणि हाल होतात ते तिथेच.

जनावर गोळीच्या धक्क्याने मरत नाही. मेंदूला रक्त पोचायचं थांबलं की मरतं. दोन्ही फुफ्फुसं किंवा हृदय फाटलं तर थोड्याच वेळात कोसळतं. गोळी पोटात गेली तर तासन्‌तास जिवंत राहून कुठल्यातरी नाल्यात तडफडतं. पूर्ण वाढलेला नर 200 किलोच्या पुढेही जातो, मानेची कातडी जाड असते. हृदय छातीत अगदी खाली, पुढच्या पायाआड असतं. जनावर आडवं उभं असेल तेव्हाच, पुढच्या पायाच्या रेषेत वर जाऊन छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात नेम धरायचा.

आता .22. गोळी 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅम, आणि ऊर्जा जेमतेम दीडशे जूल. इंग्लंडमध्ये बहुतेक हरणांसाठी रायफलच्या गोळीला नळीच्या तोंडाशी किमान 1700 फूट-पौंड, म्हणजे सुमारे 2300 जूल ऊर्जा लागते, असा कायदाच आहे. .22 बाजूला ठेवा.

बीबीचा एक छर्रा 0.4 ग्रॅमचा. तो कातडीत रुततो, आत पोचत नाही. जखम चिघळते आणि जनावर हाल सोसत राहतं. हेही बाजूला.

एलजीशी थोडं थांबायला हवं, कारण राखणीच्या परवान्यावर सहसा बारा बोअरच असते. एका औंसात सहा छर्रे, प्रत्येक साधारण पावणेपाच ग्रॅमचा. गोल छर्ऱ्याचा वेग हवेत झपाट्याने मरतो आणि घोसही फाकतो. जाड कागदावर छातीएवढं वर्तुळ काढा, 20 पावलांवरून एक बार टाका आणि भोकं मोजा. दोन-तीन छर्रे वर्तुळाबाहेर गेले, तर तेच उद्या पोटात जाणार आहेत. रानडुकरासाठी अगदी जवळून एलजी चालेल. घोडारोजासाठी नको, बंदूक घरची असली तरी नको.

उरली दोन. .315 ची गोळी 244 ग्रेनची, जवळपास 16 ग्रॅम. जड आणि संथ, हाडाला घाबरत नाही, पण लांबवर फार खाली पडते. तिला 100 मीटरच्या आतच वापरावं. .30-06 ची 180 ग्रेनची गोळी सेकंदाला 820 मीटरने सुटते, ऊर्जा 3900 जूलच्या आसपास. पल्ला मोठा, म्हणून जबाबदारीही मोठी.

दोन्हींत गोळीचं टोक मऊ, शिसं उघडं असलेलं हवं. अशी गोळी आत गेल्यावर फुलते आणि रुंद जखम करते. पूर्ण तांब्याच्या कवचाची लष्करी गोळी बारीक भोक पाडून पलीकडे जाते आणि जनावर पळत सुटतं. अशाच फुलणाऱ्या गोळ्या 1890 च्या दशकात कलकत्त्याजवळ दमदमला बनल्या. 1899 च्या हेग जाहीरनाम्याने त्या युद्धात वर्ज्य ठरवल्या. माणसावर वापरायला जी क्रूर ठरली, तीच जनावराला लवकर सोडवते.

काडतुसाचा लॉट बदलला की गोळी पडायची जागाही बदलू शकते. म्हणून ज्या पेटीतली काडतुसं शेतात न्यायची, त्याच पेटीतल्या पाच गोळ्या आधी 20 सेंटिमीटरच्या थाळीवर, बसून किंवा काठीच्या टेकूने मारून बघा. पाचही थाळीत बसतात, ते तुमचं अंतर. चारच बसल्या तर थाळीच्या जवळ सरका. पावसाळाभर कपाटात दमट राहिलेली, पितळ हिरवं पडलेली काडतुसं नेऊच नका. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा.

माळव्याची जमीन सपाट आहे. मागे मातीचा बांध किंवा टेकाड नसेल तर गोळी झाडूच नका, कारण रायफलची गोळी काही किलोमीटर जाते.

गोळी लागल्यावर लगेच मागे धावू नका, अर्धा तास थांबा. फेसाळ गुलाबी रक्त फुफ्फुसाचं. हिरवट चोथा दिसला तर गोळी पोटात गेली आहे. तेव्हा काही तास थांबून माग काढा. पडलेल्या जनावराकडे पाठीकडून जा, बंदूक भरलेली ठेवा आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर ताबडतोब दुसरी गोळी.

मेलेलं जनावर त्याच कायद्याच्या कलम 39 प्रमाणे सरकारची मालमत्ता, मांस कुणालाही देता येत नाही. पंचनाम्यानंतर ते उघड्यावर पडू देऊ नका. फुलणाऱ्या गोळीचे शिशाचे कण मांसात विखुरलेले असतात आणि गिधाडाच्या पोटात गेले तर त्याला विषबाधा होते. खड्डा खोल घ्या, आतडीही त्यातच टाका.